हे म्हणाले

माझ्या बायकोचं मन बाहेर होतं. ज्यांच्यात होतं ती सगळी माणसं मेलेली होती, एक सोडून. तो एक जिवंत होता, दर गुरुवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा बोलायचा आणि ती लिहून घ्यायची. असं अकरा वर्षं चाललं. आता ती गेली. तो अजून बोलतोय.

विश्रांतवाडीत आमच्या बिल्डिंगपासून पाच मिनिटांवर दत्ताचं देऊळ आहे, देवळामागे हॉल. एक रिटायर प्राध्यापक तिथं वर्ग घेतात. बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं, 'जग बदलणारी माणसं', आणि त्याखाली त्या आठवड्याचा माणूस. एका गुरुवारी कुणी शास्त्रज्ञ, पुढच्या गुरुवारी कुणी संत, मग चित्रकार, मग राजा. पंचवीस-तीस म्हातारे-म्हाताऱ्या बसतात. कुणी बँकेतले, कुणी शाळेतले, कुणी पोस्टातले. आमची ही त्यांच्यात, दुसऱ्या रांगेत, खिडकीकडच्या खुर्चीवर.

ती जुनी मॅट्रिक. मी सातवी, तीही दोनदा. लग्न ठरताना तिच्या वडिलांनी हे गिळलं, कारण बुधवार पेठेत माझं स्वतःचं दुकान होतं. मोटर वाइंडिंगचं. पंखा, मिक्सर, पाण्याची मोटर, काही जळालं की लोक माझ्याकडे आणायचे. जळकी तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, व्हार्निश लावायचं, वाळवायचं. पन्नास वर्षं हेच केलं. लग्नानंतर ती पुढं शिकायचं म्हणत होती. माझी आई म्हणाली, शिकून कुणाला दाखवायचंय. मी मध्ये बोललो नाही. ते माझं चुकलं, पण त्या वेळी ते चुकणं आहे असं आमच्याकडे कुणाला वाटत नव्हतं.

मग पोरीचं लग्न झालं, आई गेली, आणि एका गुरुवारी ही जाऊन त्या हॉलमध्ये बसली. मला वाटलं भजन असेल.

गुरुवारी ती दुपारीच संध्याकाळची भाजी करून ठेवायची. इस्त्रीची साडी. पर्समध्ये दोन पेनं, एक बंद पडलं तर दुसरं. माझ्याबरोबर कुणाच्या लग्नाला निघताना ती एवढ्या वेळेवर कधी तयार झाली नाही. शंभर पानी वही, तिला शाळेतल्यासारखं खाकी कव्हर. मी आठाच्या सुमाराला दुकानातून यायचो, हातपाय धुऊन जेवायला बसायचो, आणि ती पोळ्या लाटता लाटता सुरू व्हायची. आज अमुक. तो असा, त्यानं असं शोधून काढलं, लोकांनी त्याला असं छळलं. मी म्हणायचो, 'काय म्हणतायत तुमचे सर?' तुमचे. ती ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

त्या माणसांची नावं माझ्या जिभेवर बसत नसत, म्हणून मी माझी ठेवली. नळी लावून आकाश बघायचा तो दुर्बिणवाला. राजवाडा, बायको आणि तान्हं पोर सोडून निघून गेला तो राजपुत्र. पुस्तकं बांधायच्या दुकानात कामाला होता आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून वाचून विजेत मोठा झाला तो बाइंडिंगवाला. स्वतःचा कान कापून घेतला तो लाल दाढीवाला. 'मोठ्या माणसांना असं म्हणू नये,' ती म्हणायची. वर्षभरानं तीच म्हणायला लागली, आज दुर्बिणवाल्याचा पुढचा भाग होता.

दाढीवाल्याचं चित्र तर तिनं कुठल्याशा पुरवणीतून कापून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. चहाची पत्ती काढायला दार उघडलं की तो बघायचा. आमच्या लग्नाचा फोटो माळ्यावर सुटकेसमागे होता. मी एकदा तसं बोललोही. ती म्हणाली, 'अहो, तो बिचारा मेलाय.' म्हटलं, तेच तर. जिवंत माणसाशी दोन हात करता येतात. मेलेल्याचं काय करायचं? तो घोरत नाही, त्याला बीपीची गोळी आठवण करून द्यावी लागत नाही. रोज नवीन काहीतरी चांगलं निघतं त्याच्यातलं, आणि माझ्यातलं जे काय होतं ते तिला पहिल्या वर्षातच कळून चुकलं होतं.

आणि ह्या सगळ्या मेलेल्यांना घरी आणून सोडणारा तो सर. पहिली तीन-चार वर्षं मी त्याला बघितलाही नव्हता. मग एका गुरुवारी दुकान बंद होतं म्हणून तिला आणायला गेलो आणि हॉलच्या दाराशी उभा राहिलो. उंच माणूस, पांढरा झब्बा, वयाच्या मानानं केस भरपूर. दिसायला बरा होता हेच वाईट. तिनं हात वर करून काहीतरी विचारलं. तो म्हणाला, 'फार चांगला प्रश्न.' तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी एकदाच बघितलं होतं, पोरगी झाली तेव्हा ससूनमध्ये. मी आत न जाता कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही आणि तिला कारण कळलं नाही. निदान मला तसं वाटलं.

जेवताना मी पहिल्यापासूनच मधूनमधून काहीबाही बोलायचो. त्यानंतर ती जे सांगेल त्याला टोला मारायचा, असं ठरवूनच बसायचो, आणि हात धुतले की काय बोललो ते विसरायचो. बाइंडिंगवाल्याच्या दिवशी तर ती डोळे भरून सांगत होती. लोहाराचं पोर, शाळा धड झालेली नाही, गणित येत नाही, आणि तारेच्या गुंडाळीतून लोहचुंबक मागंपुढं केला तर वीज निघते हे त्यानं जगाला दाखवलं. 'शाळा फारशी नव्हती हो त्यांची,' ती पुन्हा म्हणाली. मला वाटलं मला टोचतेय. म्हटलं, 'शोध लावणाऱ्यानं चालणारी मोटर बघितली. जळालेली कुणी बघितली? ती आम्ही बघतो. जळालेली उघडल्याशिवाय मोटर कळत नाही, सांग तुमच्या सरांना.' लाटणं थांबलं. मला वाटलं चिडली. मग पुन्हा सुरू झालं.

मागच्या वर्षी नवरात्राच्या आधी ती गेली. गुरुवारी वर्गाला जाऊन आली, शुक्रवारी छातीत दुखतंय म्हणाली, शनिवारी दवाखान्यातून तिला परत आणली. जास्त सांगण्यासारखं नाही. एवढ्या लवकर होईल असं डॉक्टरांनाही वाटलं नव्हतं म्हणे. त्यांना काय वाटलं त्याचं मी काय करू?

दहाव्याला तो वर्ग आला. सगळे आले. सर पाच मिनिटं बोलले, ती कशी जिज्ञासू होती, वर्गाला तिचा कसा आधार होता. माझ्या बायकोबद्दल मला दुसराच माणूस सांगत होता आणि आजूबाजूची माणसं माना डोलवत होती. त्या बायकांपैकी दोघीतिघी माझ्याकडे टक लावून बघत होत्या, जसं काही मला आधीपासून ओळखतात. एक जाडशी बाई, येरवड्याला राहणारी, नर्स होती म्हणे पूर्वी, ती तर रडता रडता माझ्याकडे बघून हसली. मला तेही आवडलं नाही.

ह्या उन्हाळ्यात सरांचा फोन आला. वर्षश्राद्धाला वर्गातर्फे तिच्या आठवणीत एक छोटी पुस्तिका काढायची आहे, तिच्या वह्यांमधलं निवडक छापायचं आहे, तर वह्या मिळतील का. मी बघतो म्हणालो. पोरीला सांगितलं. ती म्हणाली, 'बाबा, देऊन टाका ना. तुम्ही थोड्याच वाचणार आहात?'

ते लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वह्या काढल्या. चौदा होत्या. बाल्कनीत खुर्ची टाकली आणि पहिली उघडली.

मला वाचायला वेळ लागतो. पेपर वाचतो, पण त्यात अक्षर छापील असतं. तिचं अक्षर चांगलं, तरी मी ओळीखाली बोट धरूनच वाचत होतो. दुपारी दोनला बसायचो ते ऊन पायावर येईपर्यंत. वर माणसाचं नाव, खाली निळ्या पेनानं दोन-तीन पानं. तिथवर ठीक होतं. शाळेच्या वहीसारखं. पण प्रत्येक गुरुवारच्या शेवटी, पान जिथं संपतं तिथं, पेन्सिलीनं एक-दोन ओळी असायच्या, आणि त्यांची सुरुवात एकच असायची. हे म्हणाले.

दुर्बिणवाल्याच्या पानाखाली, 'हे म्हणाले, त्याला ज्यांनी गुडघ्यावर बसवून माफी मागायला लावली ते पण त्या वेळी पृथ्वीबरोबर फिरतच होते.' राजपुत्राच्या खाली, 'हे म्हणाले, निघताना त्यानं बायकोकडे वळून बघितलं नसेल तर तो फार मोठा. बघितलं असेल तर जरा कमी मोठा, पण मला तो बरा वाटेल.' दाढीवाल्याच्या खाली, 'हे म्हणाले, चित्रं काढणारा वेडा होता. त्याला रंग पुरवणारा भाऊ शहाणा होता, त्याला कोण विचारतं.'

मी वही मिटली.

आता ज्याला मराठी येतं त्याला मी काय सांगायचं. बाई 'हे' म्हणते ते जगात एकाच माणसाला. नाव घ्यायचं नाही म्हणून हे. माझ्या बायकोनं मला हे म्हटलेलं मी ऐकलं ते लग्नानंतरची दोन-तीन वर्षं. पोरगी झाली आणि मी बाबा झालो. 'बाबांना वाढ', 'बाबांना विचार'. समोर अहो आणि पाठीमागे बाबा. पन्नासेक वर्षं मी बाबाच आहे. आणि इथं, खाकी कव्हरच्या आत, ती त्या झब्बेवाल्याला हे म्हणत होती. तेही पेन्सिलीनं, म्हणजे वेळ आली तर खोडता यावं.

दोन दिवस मी वह्यांना हात लावला नाही. स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं, दाढीवाल्याला टरकावून काढला. त्याचा काय दोष होता? पण जवळ दुसरं कुणी नव्हतं. मग पुन्हा वाचायला बसलो, कारण न वाचणं त्याहून वाईट होतं. ही वाक्यं बरी होती, हे मला मान्य करावं लागत होतं, आणि त्यानं जास्तच जळत होतं. एवढं चांगलं बोलणारा माणूस समोर असल्यावर ती घरी येऊन माझं तोंड का बघत असेल, असं वाटायचं.

नवव्या वहीत बाइंडिंगवाला आला. खाली पेन्सिल. 'हे म्हणाले, शोध लावणाऱ्यानं चालणारी मोटर बघितली. जळालेली आम्ही बघतो. जळालेली उघडल्याशिवाय मोटर कळत नाही.'

हे वाक्य माझं. मला तो दिवस आठवत होता, लाटणं थांबलेलं आठवत होतं. मी उठून उभा राहिलो. म्हणजे तिनं जाऊन सरांना सांगितलं, आणि त्या शिकलेल्या माणसानं माझं वाक्य वर्गासमोर स्वतःचं म्हणून म्हटलं, आणि हिनं ते मान खाली घालून त्याच्या नावावर लिहून घेतलं. बायको गेली ती गेली, आता वाक्यही घेऊन गेला. त्या वेळी मला ह्यात कुठं खोट दिसली नाही. पुढच्या पाच वह्या मी उघडल्याच नाहीत.

गुरुवार दोन दिवसांवर होता. चौदाच्या चौदा वह्या बाजाराच्या पिशवीत भरल्या आणि पावणेपाचला हॉलवर गेलो. सर टेबलाशी उभे राहून चष्मा पुसत होते. बरीच माणसं येऊन बसलेली. दुसऱ्या रांगेतली खिडकीकडची खुर्ची रिकामी होती. तिच्या शेजारी ती येरवड्याची नर्सबाई. मला बघून ती शेजारणीला काहीतरी म्हणाली आणि दोघी सावरून बसल्या.

सर पुढं आले, या या म्हणाले, वह्या आणल्यात का, फार उपकार झाले. मी पिशवी टेबलावर ठेवली, नववी वही काढली, पान उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे वाक्य कुणाचं, सर?"

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "वा. फार चांगलं आहे."

"चांगलं आहे ते मला माहीत आहे. कुणाचं आहे ते विचारतोय."

"माझं नाही."

"मग इथं 'हे म्हणाले' असं का लिहिलंय? बोलत तर तुम्ही होतात."

मागं कुणीतरी हसलं. मला वाटलं माझ्या अडाणीपणाला हसतायत. मी आवाज चढवला नाही, मला तशी सवय नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "दुसरी गोष्ट. माझ्या बायकोनं तुम्हाला 'हे' का म्हणावं?"

आता कुणी हसेना. सर हळूच खुर्चीत बसले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला एवढं कळलं की हा माणूस घाबरलेला नाही. त्यांनी विचारलं, आपण सगळ्या वह्या वाचल्यात का. म्हटलं, नऊ. त्यांनी पिशवीतून चौदावी काढली, पानं उलटून जिथं लिहिणं संपलं होतं तिथं आले. तिचा शेवटचा गुरुवार. निळं त्यांनी सोडून दिलं आणि पेन्सिलीची ओळ मोठ्यानं वाचली.

"'आज हे काही बोलले नाहीत.'"

मग वही माझ्याकडे फिरवली. "त्या दिवशी मी दीड तास बोललो होतो. घसा बसला होता माझा. आता आपणच सांगा, काही बोलले नाहीत ते कोण?"

मी ती ओळ पुन्हा वाचली, बोट धरून. पेन्सिल कुठली तेही तेव्हा डोक्यात आलं. स्वयंपाकघरात कॅलेंडरला दोऱ्यानं बांधलेली असायची ती, सिलिंडर लावल्याची तारीख लिहायला. माझं जेवण झालं, मी बातम्यांना बसलो, की ही ओट्याशी उभी राहून लिहीत असणार.

आणि तो शेवटचा गुरुवारही आठवला. त्या संध्याकाळी मी लवकर आलो होतो. बाल्कनीतून बघितलं तर सर आणि आणखी दोघं तिला फाटकापर्यंत सोडायला आले होते, आणि तिची पिशवी सरांच्या हातात होती. तिला धाप लागत होती म्हणून घेतली होती, हे मला नंतर पोरीकडून कळलं. जेवताना ती सांगत होती, कुणा एका बाईचं, शास्त्रज्ञ बाईचं. मी खाली मान घालून जेवलो. तिनं दोनदा विचारलं, 'अहो, तुम्हाला काय वाटतं?' मी ताट उचललं आणि हात धुतले.

हॉलमध्ये मी वही मिटली. मग नर्सबाई म्हणाली, "भावोजी, पहिली दहा मिनिटं तुमचीच असायची हो. दर गुरुवारी."

मला कळलं नाही. मग त्यांनी मिळून सांगितलं, एकमेकांना तोडत. वर्ग सुरू व्हायच्या आधी कुणीतरी विचारायचंच, काय, मागच्या वेळचं ऐकून हे काय म्हणाले? ती उठायची आणि सांगायची. दुर्बिणवाला, दाढीवाला ही माझी नावं सगळ्या वर्गाला पाठ होती. पोस्टातले एक गृहस्थ म्हणाले, मी तर नातवालाही दुर्बिणवालाच शिकवलाय. सर म्हणाले, मी आठवडाभर वाचून यायचो आणि तुमचं एक वाक्य आलं की मला पुन्हा घरी जाऊन वाचावं लागायचं. ते हसत म्हणाले, पण त्यांना ते आवडत नसे एवढं मला ऐकू आलं. ज्याला जळणं म्हणजे काय ते ठाऊक आहे त्याला ऐकू येतं. खोटं कशाला बोलू, तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं.

"मी त्यांना एकदा विचारलं होतं," सर म्हणाले, "ह्यांना इथं घेऊन का येत नाही? तर म्हणाल्या, इथं आणलं तर शहाण्यासारखं वागतील. मग काय उपयोग."

हे तिचंच वाक्य होतं. ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं.

मी त्यांना खरं ते सांगायला हवं होतं. की मी काही विचारबिचार मांडत नव्हतो. मी जळत होतो, ह्या माणसावर आणि त्याच्या त्या मेलेल्यांवर, आणि जळून टोमणे मारत होतो, आणि तिनं ते उचलून वहीत घातले. तिला टोमणा कळत नव्हता असं नाही. पन्नास वर्षांत तिला माझं काय कळायचं राहिलं होतं? मग तिनं मला सांगितलं का नाही? एकदा तरी, पोळी वाढताना, की तुम्ही बोललात ते मी लिहून ठेवते, सांगते तिथं. मी काय केलं असतं? शहाण्यासारखं बोलायला लागलो असतो. हे मला तिथं उभ्या उभ्याच कळलं, आणि तरी राग गेला नाही. त्या पंचवीस जणांनी अकरा वर्षं तिच्या तोंडून माझ्याबद्दल ऐकलं आणि मी ऐकलं नाही. बँकेतल्यानं ऐकलं, पोस्टातल्यानं ऐकलं. सरांवरचा राग गेला तर तो ह्या सगळ्यांवर वाटला गेला, कमी नाही झाला.

मी नर्सबाईला विचारलं, "ती कशी म्हणायची?"

"काय कशी?"

"हे."

बाई जरा लाजली. मग उठून उभी राहिली, पदर खांद्यावरून पुढं ओढला, चष्मा नाकावर वर केला, मान थोडी डावीकडे कलती केली आणि म्हणाली, "आमच्या ह्यांचं म्हणणं असं पडलं, की..." आणि थांबली.

आवाज तिचा नव्हता. मान तिचीच होती. मी पुन्हा करायला सांगितलं. बाईनं पुन्हा केलं, ह्या वेळी मान तेवढी कलली नाही.

सरांनी मला बसायला खुर्ची दिली. मी खिडकीकडच्या खुर्चीवर बसलो नाही, दाराजवळ बसलो. पुस्तिकेचं त्यांनी पुन्हा काढलं. निळ्या अक्षरातलं कुठल्याही पुस्तकात मिळेल, म्हणाले, आम्हाला छापायच्या आहेत त्या पेन्सिलीच्या ओळी, आपली परवानगी असेल तर आपल्या नावानं. म्हटलं, नाव घातलंत तर देणार नाही. मग 'हे' एवढंच ठेवू, म्हणाले. ते तर तिचं आहे, मी म्हणालो, ते तुमच्या पुस्तिकेत कसं येईल? ह्यावर त्या माणसानं चष्मा काढून पुन्हा पुसायला घेतला. वर्गात असं पहिल्यांदाच झालं असावं, कारण दोघंतिघं माझ्याकडे खूश होऊन बघत होते.

मग ते म्हणाले, ते नंतर बघू. पण शेवटच्या गुरुवारचं राहिलंय. आपण त्या दिवशी काही बोलला नव्हता. आज बोलाल का? आणि मी त्या दिवशी नीट ऐकलं नव्हतं म्हणून त्यांनी थोडक्यात पुन्हा सांगितलं. ती बाई आणि तिचा नवरा, दोघं शास्त्रज्ञ, एकाच खोलीत काम करायचे. अंधारात चमकणारा एक पदार्थ त्यांनी मिळून शोधला. एक दिवस नवरा रस्त्यात गाडीखाली येऊन मेला. त्याची शिकवायची जागा हिला दिली. पहिल्या दिवशी हॉल गच्च भरला, लोकांना वाटलं ही नवऱ्याबद्दल बोलेल, रडेल. ती आली आणि नवऱ्यानं त्याचं शिकवणं ज्या वाक्यावर सोडलं होतं त्याच्या पुढच्या वाक्यापासून तिनं सुरुवात केली.

सगळे माझ्याकडे बघत होते. मला काही सुचेना. सुचायला ती पोळ्या लाटत असायला हवी होती. आणि कुणावर जळायचं तेही ठरेना. मग त्या बाईवरच जळलो.

"तिला ते वाक्य माहीत तरी होतं," मी म्हणालो. "नवरा कुठं थांबला ते. माझी बायको मला दोनदा विचारत होती आणि मी हात धूत होतो. मी आता कुठून सुरू करू?"

 मी बघितलं तर सरांनी समोरचा कागद ओढून घेतला होता आणि ते लिहून घेत होते. भराभर, मान खाली घालून, वर्गातल्या एखाद्या पोरानं लिहावं तसं.

"सर," मी म्हणालो, "ते खोडा."

त्यांनी वर बघितलं.

"ते लिहायचं काम तिचं होतं. तुम्ही लिहू नका."

त्यांनी एक रेघ मारली. मी म्हटलं, नीट. मग त्यांनी वाचता येणार नाही असं गिरवून खोडलं. मी वह्या पिशवीत भरल्या, चौदा आहेत ना ते बघितलं आणि निघालो. दारापर्यंत नर्सबाई आली, पुढच्या गुरुवारी या म्हणाली, तुमची आणखी बरीच वाक्यं मला पाठ आहेत, वहीत नसलेली. म्हटलं, किती आहेत? ती म्हणाली, आल्यावर सांगीन.